चार बोटं मोकळी जागा

ही गोष्ट सांगायची मी चौदा वर्षं टाळली. आमच्या रविवारच्या मंडळात विषय तिकडे वळू लागला की मी चहाचं बघायला उठायचो. गेल्या आठवड्यात बाळकुमच्या आमच्या इमारतीतली शेजारीण दारातच म्हणाली, "काका, आम्ही नवे स्पीकर घेतले, अगदी चांगल्यातले. तुम्हाला त्यातलं कळतं ना? एखादा भरवशाचा ॲम्प्लिफायर सुचवा."

"सांगतो," म्हणालो आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो.

तेव्हा आम्ही डोंबिवलीला राहायचो. दर रविवारी सकाळी सात-आठ जण कुणातरी एकाच्या घरी जमून गाणी ऐकायचो. त्यांत माझा एक मित्र होता, कोपरला राहणारा. घराच्या मागच्या खोलीत तो स्वतःच्या हाताने ॲम्प्लिफायर बांधायचा. वर्षाकाठी दोन-तीनच, पण एकेक असा की ऐकणारा गप्प होई. मी निवृत्त झाल्यावर परदेशी बनावटीचे मोठे स्पीकर घेतले. त्यांना ॲम्प कुठला लावायचा यावर मंडळात महिनाभर काथ्याकूट चालला. दुकानातून दोन नामांकित ॲम्प ऐकायला आणले, तिसरा मित्राचा. आम्ही डोळे मिटून तिन्ही ऐकले. कुणी म्हणे यात तबला उठून दिसतो, कुणी म्हणे त्यात तंबोरा.

मित्र कोपऱ्यात बसून हसत होता. "आवाज काय, सगळेच बरा देतात रे. हे स्पीकर जड आहेत, ॲम्पकडून भरपूर काम करून घेतात. तासभर मोठ्याने वाजव आणि मग प्रत्येकाच्या पाठीला हात लावून बघ. ज्याच्यावर हात ठेवता येतो, तो तुझा."

त्याच्याच ॲम्पवर हात ठेवता आला. जाताना त्याने एवढंच बजावलं, "वर चार बोटं मोकळी सोड. त्याला श्वास लागतो."

"अरे, उष्णतेचा धडा मी तीस वर्षं शिकवलाय," मी म्हणालो. शाळेत मी भौतिकशास्त्र शिकवायचो.

दोन वर्षं तो ॲम्प सुरेख चालला. मग आमच्याकडचा दीड दिवसाचा गणपती आला. मखर नेहमी बैठकीतल्या बुटक्या कपाटावर, आणि ॲम्प नेमका त्याच कपाटाच्या खालच्या खणात. मूर्तीखाली तो काळा डबा मला बरा दिसेना. मी मखराची लाल मखमल खाली ओढून खणाच्या तोंडावर सोडली, कडा टाचण्यांनी पक्क्या केल्या. कापड आत झुकून ॲम्पच्या वरच्या जाळीला टेकलं होतं, मला दिसलं होतं. शिवाय आतल्या पाहुण्यांनाही ऐकू जावं म्हणून स्वयंपाकघरात स्पीकरची आणखी एक जोडी त्याच ॲम्पला जोडली. दिवसभर भजनं चालू.

"अहो, तिथून गरम वास येतोय," बायको म्हणाली.

"उदबत्तीचा असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आरतीआधी धप्प आवाज झाला. ॲम्प गेला आणि जाताना डाव्या स्पीकरचा मोठा पडदा जाळून गेला. संध्याकाळी विसर्जन आटोपून आम्ही मखर उतरवलं, मखमल घडी करून माळ्यावर गेली. मंडळ प्रसादाला आलं तेव्हा ॲम्प उघड्यावर होता. मित्र गुडघे टेकून खाली बसला, जाळीला नाक लावलं, आणि वर न बघता विचारलं, "झाकला होतास का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. उष्णतेचा धडा शिकवणारा मी.

"छे," मी म्हणालो. "नेहमीसारखाच होता."

बायको ताटं घेऊन आत गेली. कुणीतरी म्हणालं, "शेवटी घरगुती ते घरगुतीच." मी त्याला अडवलं नाही. उलट पुढे जो विचारेल त्याला सांगत राहिलो, "आवाज छान हो, पण भरवसा नाही." मंडळातल्या दोघांनी त्याच्याकडे ॲम्प सांगितले होते, त्यांनी नको म्हणून कळवलं. त्याने स्वतः खटपट करून माझ्या स्पीकरला नवा पडदा बसवून दिला, ॲम्प परत नेला आणि पुन्हा नवा बांधला नाही. पुढे लोकांचे मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचा, एवढं कानावर आलं. रविवारी येणंही सुटलं.

मागच्या वर्षी तो टिटवाळ्याला मुलीकडे राहायला गेल्याचं कळलं. मी ठरवून गेलो. वाक्य पाठ केलं होतं. बैठकीत बुटक्या स्टुलावर तोच ॲम्प होता, भिंतीपासून सुटा, वर काहीही नाही.

"चालतो?"

"रोज सकाळी. दोन-चार भाग बदलले, बाकी तोच. हात लावून बघ."

लावला. कोमट होता.

"उघडला ना तेव्हा," तो सावकाश म्हणाला, "जाळीला आतून लाल मखमल चिकटली होती. वितळून."

एवढंच बोलून तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. मला बोलायला जागा करून द्यावी तसा. इतकी वर्षं त्याला ठाऊक होतं आणि त्याने मंडळात एकालाही सांगितलं नव्हतं. तेवढ्यात त्याच्या मुलीने आतून विचारलं, "काका, चहात साखर किती?"

"साखर नको मला," मी म्हणालो. तासभर बसलो आणि गुडघेदुखीवर बोलून परत आलो. पुन्हा जायचं म्हणत चार महिने घालवले, आणि तो गेल्याचा फोन आला.

शेजारणीला मी आज सांगणार आहे: तासभर वाजवा, पाठीला हात लावा, वर चार बोटं सोडा. कुणी शिकवलं तेही सांगणार आहे. मंडळातले आम्ही चौघे उरलोत, बाकी तिघांना हा कागद वाचायला देईन. डोंबिवलीहून सामानात आलेली ती मखमल काल माळ्यावरून खाली काढली. एका कडेला तळहाताएवढा काळा डाग आहे.

टिटवाळ्याला पाठ करून नेलेलं वाक्य लांबलचक होतं, त्यात वयाचं होतं, अहंकाराचं होतं. खरं तर एवढंच पुरलं असतं: झाकला होता रे मी. तुझ्या ॲम्पची काही चूक नव्हती. मला माफ कर.