सीट मागे कोण सरकवत होतं?

भूतबित, बाधा, नजर लागणं… यातलं काहीही मला तेव्हा पटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही पटत नाही. लग्नाआधी मी नागपूरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यामुळे इथे येणारे बाकीच्यांचे अनुभव मी चहा पिता पिता, गालातल्या गालात हसत वाचते. स्वतःचा लिहायला बसले तर मात्र हसू येत नाहीये. असो. तिखटमीठ न लावता, घडलं तसं सांगते.

२००५ चा ऑगस्ट, तिकडचा उन्हाळा संपत आला होता. आम्ही नेपरव्हिलला एका अपार्टमेंटमध्ये राहायचो – शिकागोच्या पश्चिमेचं उपनगर. आमची बाल्कनी बरोबर पार्किंग लॉटवर उघडायची. माझा नवरा नितीन रोज ट्रेनने शिकागोला ऑफिसला जायचा. मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. दिवसभर मी, टीव्ही आणि टीव्हीवर इराक. खाली ती पट्टी सरकत राहायची – आज अमुक ठिकाणी स्फोट, एवढे सैनिक गेले – आणि लगेच गाद्यांच्या सेलची जाहिरात. मला काही सुचायचंच नाही. उठून बाल्कनीत जावं तर बाहेर सगळं शांत. लोक लॉन कापतायत, मुलं सायकली फिरवतायत, शुक्रवारी नवीन सिनेमा लागतोय. हा देश लढाईत आहे असं वाटायचंच नाही. युद्ध दिसायचं ते सैनिकांच्या आठवणीने गाड्यांच्या मागे चिकटवलेल्या पिवळ्या रिबिनींवर, नाहीतर गॅस स्टेशनच्या, म्हणजे पेट्रोल पंपाच्या, बोर्डावर. दर आठवड्याला भावाचा आकडा वर.

त्याच सुमारास आम्ही एक जुनी सेडान घेतली. विकणारी बाई लिंडा, पन्नाशीची, एकटी, दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर. गाडी तिच्या मुलाची, ब्रायनची. तो आर्मीत, इराकमध्ये. त्यानेच फोनवरून सांगितलं होतं म्हणे – नुसती उभी आहे, विकून टाक. लिंडाने किल्ली माझ्या हातात दिली खरी, पण तिची बोटं काही सुटेनात. मी दुसरीकडे बघत उभी राहिले.

ब्रायन सहा फुटांच्या वर, मी जेमतेम पाच फूट. त्यामुळे सीट पार मागे होती. लिव्हर इतका घट्ट, की मला दोन्ही हातांनी ओढून ती पुढे आणावी लागली. एकदा बसवली आणि विषय संपला.

…असं मला वाटलं.

आठवड्याभरात एके सकाळी नितीनला स्टेशनवर सोडायला निघाले. गाडीत बसले तर पाय ब्रेकला पोचेना. सीट पार मागे.

"नितीन, तू सीट मागे केलीस?"

"मी कशाला करू? मी काय अमिताभ आहे का!"

हसून सोडून दिलं. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. मेकॅनिकला दाखवली. त्याने खाली वाकून टॉर्च मारला, लिव्हर ओढून पाहिला आणि म्हणाला, "रेल एकदम ठीक आहे. ही सीट आपोआप हलूच शकत नाही."

मग रेडिओ. मला बातम्यांचं स्टेशन लागायचं – सवयच जडली होती, ऐकवत नाही आणि ऐकल्याशिवाय राहवत नाही, तसं. पण सीट मागे गेलेली असली की त्या दिवशी रेडिओवर बातम्यांऐवजी जुनी रॉक गाणी लागलेली असायची. मी बदलायचे. दोन-चार दिवसांनी परत गाणी.

हेही मी चालवून घेतलं असतं, पण गॅस संपायला लागला. तिकडे दक्षिणेत चक्रीवादळ आलं आणि गॅस तीन डॉलरच्या वर गेला. आमच्याकडे सगळी चर्चा त्याचीच. हायवेच्या या एक्झिटला स्वस्त, त्या एक्झिटला दोन सेंट कमी. आणि इथे मी स्टेशन आणि ग्रोसरी सोडून कुठे जात नसताना टाकी अर्ध्यावर! एका रविवारी नितीन जेवताना फार सांभाळून बोलला, "मुग्धा, मी रागवत नाहीये. पण दिवसा तू गाडी घेऊन जातेस कुठे?"

"कुठेच नाही."

"अगं, मग गॅस काय वाफ होऊन उडतो?"

मी उठले आणि माझी किल्ली त्याच्या ताटाशेजारी ठेवली. "घेऊन जा. दोन्ही तुझ्याकडेच ठेव."

त्याने खरंच नेल्या. तो आठवडाभर तो बसने स्टेशनला जात होता आणि मी बाल्कनीतून गाडीवर नजर ठेवून होते. भांडी घासता घासता पळत यायचे, टीव्ही अर्धवट सोडून यायचे. गाडी जागच्या जागी. शनिवारी आम्ही दोघं खाली उतरलो. त्याने दार उघडलं. सीट पार मागे, आणि सुरू केल्यावर काटा पाव टाकीच्या खाली.

नितीनने गाडी बंद केली. मग म्हणाला, "तू दुसरी किल्ली तर करून नाही ना घेतलीस?" आणि थोडं थांबून, हसल्यासारखं करत, "कोणी उंच मित्र वगैरे?"

डोळे हसत नव्हते त्याचे.

दोन दिवस मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. सात समुद्रापलीकडे एका माणसाच्या भरवशावर आलेली मी, आणि त्या माणसाला माझ्यावर संशय… तोही एका सीटवरून. आईला फोनवर सांगावं, तर काय सांगणार?

शेवटी त्यानेच माफी मागितली आणि समेट म्हणून मला डॉलर थिएटरला घेऊन गेला – तिथे उतरलेले सिनेमे एका डॉलरमध्ये दाखवायचे. कुठलासा विनोदी सिनेमा होता. लोक पोट धरून हसत होते, मी घड्याळ बघत होते. पॉपकॉर्न आम्ही कधीच घेत नसू, तिकिटापेक्षा महाग! माझ्या पर्समध्ये चिवडा असायचा. हे मुद्दाम सांगतेय, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरच्या पायाशी, मॅटवर पॉपकॉर्न सांडलेलं होतं. लोणी लावलेलं. मी एक दाणा उचलला…

कोमट होता.

मी नितीनला हाक मारली नाही. तसेच सगळे दाणे गोळा करून कचऱ्यात टाकले आणि हात तीनतीनदा धुतले. कुणावर विश्वास बसावा अशी माझी स्थितीच उरली नव्हती. माझा माझ्यावर तरी कुठे होता?

डिसेंबरात बर्फ पडला. घोट्याच्या वर, एकसारखा. रात्रीच थांबला होता. सकाळी लॉटवर कुणाच्या पावलाचीही खूण नव्हती. गाडी म्हणजे एक पांढरा ढिगारा. त्या दिवशी नितीननेच ती झाडली, मी शेजारी उभी होते. दार गोठून चिकटलं होतं, जोर लावल्यावर कर्रकन उघडलं. तो आत डोकावला आणि तसाच वाकून राहिला.

सीट मागे होती. आदल्या संध्याकाळी मी, त्याच्या डोळ्यांदेखत, गाडी चालवत आणली होती.

तो सरळ झाला. सभोवतालच्या त्या न मोडलेल्या बर्फाकडे बघत राहिला. मग माझा हात धरला, हातमोज्यांसकट, आणि म्हणाला, "सॉरी, मुग्धा." नंतर अगदी हळू, "तो ब्रायन… ठीक असेल ना गं?"

माझ्या मनात हेच कितीतरी दिवस होतं. जिभेवर आणलं नव्हतं इतकंच. नितीन म्हणाला, गाडी विकून टाकू, लिंडाला काही बोलू नकोस. त्याच्या आईला असलं कसं विचारणार? बरोबरच होतं त्याचं. पण मला चैन पडेना. टीव्हीवरच्या पट्टीत मी आता नाव शोधायला लागले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी उठले आणि सरळ लिंडाकडे निघाले.

तिच्या ड्राइव्हवेत गाडी वळवली तोच घराचं दार धाडकन उघडलं. लिंडा त्या थंडीत, कोटाशिवाय, सपातांवर धावत बाहेर आली. मला पाहिलं आणि जागीच थांबली. मग माझ्या लक्षात आलं – तिने गाडी पाहिली होती. फक्त गाडी. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"मी म्हटलं…" एवढंच बोलली ती. मग, "ये, आत ये, कॉफी टाकते."

तिच्याकडेही टीव्ही चालू होता, आवाज बंद करून. बोलता बोलता तिची नजर त्या पट्टीकडे जायची. दोन आठवडे ब्रायनचा फोन नव्हता. बाहेरून एखादी गाडी गेली की ती कप खाली ठेवायची, ती गाडी पुढे गेली की पुन्हा उचलायची. मी काय विचारणार? स्पेअर टायरबद्दल काहीतरी विचारलं आणि निघाले. ती सोडायला गाडीपर्यंत आली. मी दार उघडलं.

सीट मागे. अर्ध्या तासापूर्वी मी त्याच सीटवर बसून, ब्रेक दाबून, तिथे पोचले होते.

लिंडाने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. "सीट इतकी मागे ठेवून तू चालवतेस कशी?"

आणि मी सांगून टाकलं. सगळं. रडत, चुकतमाकत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मला वाटलं आता ही कोसळणार, नाहीतर मला हाकलून देणार. ती ऐकत राहिली. मग सीटवर हात ठेवला आणि म्हणाली, "मेलेला मुलगा माझ्याकडे आला असता, मुग्धा. गाडीकडे नाही. हा सिनेमाला गेलाय."

चार दिवसांनी तिचा फोन आला. ब्रायनने कॉल केला होता. सुखरूप होता. त्यांच्या तळावरचे फोनच बंद ठेवले होते. मी आणि नितीन किचनमध्ये एकमेकांना धरून वेड्यासारखे हसलो.

एप्रिलमध्ये तो परत आला. लिंडा त्याला घेऊन आमच्याकडे आली, आम्हीच बोलावलं होतं. गाडी हवी तर परत घे, असं सांगायचं ठरवलं होतं. मी आणि नितीन खाली लॉटमध्येच उभे होतो. ब्रायन उतरला. फार वाळलेला, डोळ्यांखाली काळं. हॅलो म्हणायच्या आधीच तो थबकला. वाकलेल्या दिव्याच्या खांबाकडे, मग वर आमच्या बाल्कनीकडे, तिथल्या निळ्या टबातल्या तुळशीकडे पाहिलं. तो त्या लॉटमध्ये आयुष्यात कधी आला नव्हता.

"इथे मी गाडी लावायचो," तो म्हणाला.

मग हळूहळू बोलला. तिकडे झोप यायची नाही, तेव्हा डोळे मिटून तो मनातल्या मनात ही गाडी चालवायचा. आईच्या घरावरून, हायस्कूलवरून, सिनेमाला, आणि परत. बातम्या नाहीत, फक्त गाणी. "पण ऑगस्टनंतर परतताना गाडी घरी वळायचीच नाही. इथे यायची. दर वेळी. मला कळायचं नाही ही जागा कुठली."

शेवटी नितीन – नितीनच तो – म्हणाला, "आणि गॅस?"

ब्रायनने त्याच्याकडे पाहिलं. "मनातल्या मनात चालवताना टाकी कोण भरतं?"

मी किल्ली पुढे केली. त्याने मान हलवली, "नको. मी खूप चालवली. तू चालव." आणि दुसऱ्या बाजूने जाऊन शेजारच्या सीटवर बसला. लिंडा आणि नितीन मागे. मी निघाले. वॉशिंग्टन स्ट्रीट ओलांडायच्या आधीच त्याची मान खिडकीला टेकली. आरशात पाहिलं तर लिंडाने ओठांवर बोट ठेवलेलं. परत आल्यापासून तो धड झोपलाच नव्हता. तिने हाताने खूण केली – थांबू नकोस.

मी थांबले नाही. पश्चिमेला, जिथे घरं संपतात आणि मक्याची रिकामी शेतं लागतात, तिकडे नेली. वळवली, परत आणली, पुन्हा नेली. सिग्नल लांबून दिसला की वेग कमी करायचे, ब्रेकचा धक्का बसू नये म्हणून. टाकीचा लाल दिवा लागला तेव्हा गॅस स्टेशनवर घेतली आणि नितीनने उतरून, दार न आपटता, टाकी पूर्ण भरली. बोर्डावरचा भाव त्याने पाहिलासुद्धा नाही. संध्याकाळ झाली तरी ब्रायन झोपलेलाच.

त्यानंतर ती गाडी बरीच वर्षं आमच्याकडे होती. सीट एकदाही हलली नाही.

आता मला विचाराल, हे काय होतं? माहीत नाही. कुणी म्हणेल, योगायोग. कुणी म्हणेल, मनाची शक्ती. म्हणोत बापडे. पण बर्फावर एकाही चाकाची खूण नव्हती, आणि तो पॉपकॉर्नचा दाणा मी या बोटांनी उचलला होता. तो जिवंत होता, हजारो मैल लांब होता, मग इथे येऊन जात होतं ते कोण? नितीन आणि मी यावर बोलत नाही. बोललो तर दोघांपैकी एकाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते आमच्यापैकी कुणाकडेच नाही.