पंगतीतले डोळे

गणपतीचे डोळे आखताना सगुणा भोईरचा हात कधी थरथरला नव्हता. दर पावसाळ्यात कल्याणच्या कुंभारवाड्यातून तिला खास बोलावणं येई. अंगाचे रंग कोणीही भरी, डोळे मात्र सगुणाचेच, आणि तेही सगळ्यांत शेवटी. कारखान्यात म्हणत, डोळे उघडले की मूर्ती जिवंत होते, आणि जिवंत झालेल्या मूर्तीला एक दिवस पाण्यात सोडावंच लागतं.

उरलेलं वर्ष ती स्वतःची चित्रं काढी. ठाण्याला शिकून आलेली, बिनलग्नाची ही बाई भिंतीएवढ्या कॅनव्हासवर काय रंगवते, याची खाडीकाठच्या त्या आगरी गावात थट्टाच व्हायची. नव्वद साली तिनं पंगत रंगवायला घेतली. गावच्या शेतांवर इमारती उठल्या आणि गावची पोरं आखातात गेली. लग्नं होत, हळदी होत, पण पंगतीला ती पोरं नसत. सगुणानं त्या सगळ्यांना मांडवाखाली ओळीनं जेवायला बसवलं होतं. समोर एकही फोटो न ठेवता, आठवतील तसे. ओळीच्या टोकाला दोघं मांडीला मांडी लावून बसले होते: तिचा धाकटा भाऊ काळुराम आणि शेजारच्या विधवा गंगुबाईचा एकुलता एक दगडू. कुवेतमध्ये दोघं एकाच खोलीत राहत.

श्रावणात कुवेतवर इराकची फौज चालून आली. फोन लागेनात. रेडिओवरच्या बातम्यांत विमानं असत, तेल असे, गावच्या पोरांची नावं नसत. सगुणा चित्रासमोर उभी राही. काळूच्या हनुवटीवरचा व्रण डावीकडे की उजवीकडे, तेच आठवेना. घरात विचारायची चोरी. आई म्हणणार, आताच इसरलीस?

एकेकाचे डोळे उघडत ती ओळीच्या टोकाशी आली, तेव्हा आईनं तिचा हात धरला.

“काळूचे डोले उघडू नको गो. पोरगा घरी येईस्तोवर नको. पान्यात सोरायचा हाय का त्याला?”

“आई, चित्र हाय ते. गणपती नाय.”

असं म्हणाली खरी, पण कुंचला तिनं खाली ठेवला. दगडूचेही डोळे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी गंगुबाई आली आणि उंबऱ्यावर ठाण मांडून बसली. तिची नजर दगडूवरून शेजारच्या काळूकडे वळलीच नाही.

“सगले बगतान, माझाच आंधला ठेवलास? जेवताना मासलीचा काटा लागल त्याला.”

“मावशी, करीन नंतर.”

“दोन ठिपके त देयाचे. मना बगू दे त्याला. तो बी मना बगंल.”

सगुणानं खूप टाळलं. शेवटी गंगुबाईच्या तोंडाकडे पाहवेना, म्हणून तिनं दगडूचे तेवढे डोळे उघडले. गंगुबाईनं टाळीच वाजवली. “बग, मेला तसाच बगतो! दुसऱ्याच्या पानातली तुकरी उचलताना असाच बगायचा.” ‘मेला’ म्हणून गेली, हे लक्षात येताच तिनं जीभ चावली. मागे उभी असलेली आई आत निघून गेली. सगुणाला तेच जास्त लागलं.

अनंत चतुर्दशीला ती खाडीवर गेली. तिनंच उघडलेले डोळे एकेक करून पाण्याखाली जाताना पाहिले आणि आरती संपण्याआधीच घरी परतली.

नवरात्रात काळुराम आला. वाळवंटातून सरहद्द ओलांडून, मग विमानानं. हाडं राहिली होती नुसती. दारात तो एकटाच उभा होता.

“दगडू?” सगुणानं विचारलं.

तो जमिनीकडे पाहत राहिला. “दोन ट्रकांत भरला आमाला. आमचा निंगाला. त्याचा मंग दिसलाच नाय. लय हाका मारल्या गो मी.”

आईनं काळूला कवटाळलं आणि त्याच्या खांद्यावरून सगुणाला म्हणाली, “ती यायच्या आत पूस ते डोले.”

सगुणानं टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवलं. ते दगडूच्या गालापाशी नेलं आणि दारात सावली पडली. गंगुबाई.

ती काळुरामकडे वळली नाही. सरळ चित्रापाशी गेली. फडकं पाहिलं, मग दगडूच्या शेजारचा चेहरा पाहिला.

“काळूचे का नाय उघडले?”

आई काळुरामच्या पुढ्यात सरकली.

“तुमाना ठाव होता,” ती हळू आवाजात म्हणाली. “माझ्याच पोराचे उघडलेस.”

तूच सांगितलं होतंस, असं सगुणाला म्हणता आलं असतं. खरंही होतं ते. फडकं टाकून तिनं काळा रंग घेतला आणि कुंचला काळूच्या चेहऱ्यापाशी नेला.

“सगुणे!” आई किंचाळली. कोणी ओढून नेत असल्यासारखं तिनं काळुरामचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

सगुणा थांबली नाही. उजवा डोळा जमला. डाव्याचं बुबुळ दगडूच्या बाजूच्या कोपऱ्याकडे घसरलं. पुसायला हवं होतं, पण गंगुबाई अगदी जवळ आली होती.

“त्याच्याकरंच बगतंय,” ती म्हणाली आणि खाली बसली.

दगडूची खबर पुढे कधीच आली नाही. चित्र ठाण्याच्या प्रदर्शनाला जाऊन परत आलं. गंगुबाई अधूनमधून येऊन त्याच्यासमोर बसते. सगुणा कुंभारवाड्यात पुन्हा गेली नाही.

अनंत चतुर्दशीला आई आजही काळुरामला खाडीवर जाऊ देत नाही. गाव हसतं. सगुणा हसत नाही. ढोल खाडीकडे निघाले की घराच्या दाराला आतून कडी लावते ती तीच.