थोरल्या मामांनी पाहिलेला तारा

आमच्या थोरल्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट घडताना पाहिली नव्हती. राजुरीत राहून बिबट्या न पाहिलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही, पण मामा सापडतात. अंगणातून बिबट्यानं कुत्रं उचलून नेलं तेव्हा ते त्याच अंगणात पाठमोरे बसून दाढी करत होते, आणि आरशातही त्यांना स्वतःची मिशीच दिसली! बैलगाड्यांच्या शर्यतीला पहाटेपासून पुढची जागा धरायचे आणि नेमका गाडा सुटला की तंबाखू मागायला शेजाऱ्याकडे वळायचे. डोळ्याचं पातं लवेपर्यंत गाडा शर्यतीचा घाट चढून गेलेला असे. सख्ख्या मुलीच्या लग्नात अंतरपाट दूर झाला, तेव्हा हे मांडवाबाहेर बँडवाल्याला "आता वाजीव" म्हणून सांगत होते. लोक हसत, मामाही हसत. पण एकदा मला म्हणाले, "भाच्या, 'काय गेलं रं?' म्हून जलमभर मीच इचारत आलो. मलाबी कुणी इचारावं की!" मला फार वाईट वाटलं.

गेल्या हिवाळ्यात, दिवेलागणीला, उसात बिबट्या शिरल्याची आवई उठली. सगळी आळी बॅटऱ्या घेऊन बांधावर जमली. मामी सर्वांत पुढे, ताट बडवत. मामा मागे दगडावर, उसाकडे पाठ करून, नुकताच पायातला काटा काढून, तोंड वर करून आळस देत होते. एवढ्यात अख्खा ऊस पानापानासकट हिरवागार उजळला आणि परत अंधार झाला.

"ड्रोन आला, ड्रोन!" कुणीतरी ओरडलं. चोर ड्रोन सोडून घरं हेरतात, असा हल्ली आमच्याकडे सगळ्यांचाच समज आहे. निम्मी मंडळी घराची कुलपं बघायला पळाली.

"ड्रोन न्हाई राव, तारा व्हता!" मामा उभे राहून ओरडले. "निळा, मंग पिवळा, मागं ही मोठी शेपटी! शिवनेरीच्या अंगाला जाऊन फुटला!"

"भाऊ, आन् तुमी बघितला?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

एकच हशा पिकला. त्यात कुचकेपणा नव्हता, तरी मामांचा चेहरा उतरला.

घरी परतताना मामींनी ताट काखेत धरलं आणि हळूच विचारलं, "खरंच निळा व्हता व्हय?"

मला वाटलं, आता मामांना आवरणं कठीण. पण ते थांबले.

"लई झ्याक व्हता गं. पर मी निस्ता बघतच राह्यलो. तुला हाक मारायची राह्यली."

पुढचा सगळा रस्ता मामी आभाळाकडे मान वर करून चालल्या. वाटेत ठेचकाळल्या, तेव्हा मामांनी चारचौघांत त्यांचा हात धरला.