काजूचा चीक

कंपनीला टाळं लागलं तेव्हा आमची मुलगी नुकती रांगायला लागली होती. हे पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते, लेथवर लोखंड कापायचे. हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी तेव्हाही घेत नसे आणि आता लिहितानाही हात अडतो. दापोडीत रेल्वे लाइनच्या अंगाला एका चाळीत आमची खोली होती, पुढे पत्र्याचा आडोसा. सकाळी कारखान्याच्या फाटकावर जायचं, नोटीस वाचायची, चार कामगारांत उभं राहायचं आणि दुपारी जेवायला घरी यायचं, असं ह्यांचं सुरुवातीला चाललं. मग दुपारचं येणं बंद झालं. घरी आलं की ताटात काय आहे ते दिसायचं.

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. घरामागच्या डोंगरउतारावर आईची काजूची झाडं. हेही त्याच भागातले, पण मुंबईत मामाकडे वाढलेले. काजू त्यांनी पाहिला तो शिऱ्यातला. एक दिवस फाटकावरून आले ते बोलतच आत शिरले.

"कॅम्पातला सुक्या मेव्याचा दुकानदार म्हणतो, घरचा काजू आणून द्या, मी घेतो. तुझ्या आईकडे बिया पडलेल्या असतात की."

"अहो, बी वेगळी आणि गर वेगळा," मी म्हटलं. "मधलं सगळं काम कोण करणार?"

"आपण. दुसरं काय काम आहे आपल्याला?"

मुलीला कडेवर घेतलं आणि आम्ही एसटीत बसलो.

चैत्र उलटला होता. झाडांखाली बोंडं पडून सडक्या गोड वासाने सगळा उतार भरला होता. बोंड पिकून खाली पडलं की त्याच्या टोकाची बी पिळून काढायची. झाडावरून हिसकून काढलेली बी कोवळी निघते, आत गर धरलेला नसतो. हे आधी घाईघाईने फांद्या हलवायचे. आई नुसती मागून जाऊन त्या हिरव्या बिया बाजूला काढत राहिली. दोन-तीन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं. मग तेही आमच्यासारखे कंबरेत वाकून वेचायला लागले. अंगणात बिया वाळत घातल्या, हलवल्या की आत गर खुळखुळेपर्यंत. आईने घरच्या बिया तर दिल्याच, शेजारणीकडच्याही मागून आणल्या. निघताना ह्यांना म्हणाली, "जावयांनू, फोडूच्या आधी हाताक तेल लावा आणि वरसून राख चोळा. चीक लागलो तर कातडी घेवन जातलो."

हे हसून हो म्हणाले.

आंब्याच्या ट्रकवर पोती टाकून ती पुण्याच्या बाजारात आणि तिथून टेम्पोने दापोडीला आणली. चाळीत बिया भाजणं शक्यच नव्हतं; त्या धुराने डोळे आणि घसा जळतो. नदीकाठी मोकळ्या जागेवर तीन दगडांची चूल मांडली. भोकं पाडलेल्या पत्र्यावर बिया पसरल्या की सालीतलं तेल सुटतं, तडतडतं आणि एकदम भडका होतो. नेमक्या वेळी पत्रा उलटा करून वर माती टाकायची. क्षणभर उशीर झाला की गर करपतो, लवकर काढल्या तर टरफल फुटत नाही. ते मला जमायचं. फोडणं मात्र एकटीने उरकणारं नव्हतं.

दगडावर बी आडवी धरायची, लाकडी ठोकणीचा एक नेमका घाव घालायचा, आणि गर अख्खा निघाला पाहिजे. ह्यांनी पहिल्या दिवशी हाताला तेल लावलं आणि बी बोटांतून सटकू लागली. "तेलकट हाताने मला हत्यार धरता येत नाही," म्हणाले आणि हात पुसून बसले. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा चिडले, "अजून किती फोडायच्यात ते बघ. पावसाच्या आधी सगळं संपायला हवं."

आठवड्याभरात चिकाने त्यांच्या बोटांवर फोड आले, ते फुटले, आणि खालची कातडी काळी पडून सोलायला लागली. रात्री मी खोबरेल लावायचे. सकाळी हे पुन्हा दगडासमोर बसायचे. माझेही हात काळे झाले होते, पण माझ्या हातांना लहानपणापासून सवय होती.

पहिला माल घेऊन आम्ही कॅम्पात गेलो. दुकानदाराने डबा परातीत ओतला आणि बोटाने पसरवत गेला. पांढरा अख्खा एका बाजूला, दोन भाग झालेली पाकळी दुसऱ्या बाजूला, मग तुकडा, मग कणी, आणि डाग पडलेला माल वेगळा. अख्ख्याचा ढीग मूठभरसुद्धा नव्हता.

"भाऊ, चव चांगली आहे," तो ह्यांना म्हणाला, "पण हा मिठाईवर लावायचा माल नाही. हा चिक्कीत जाणार. भाव चिक्कीचाच देणार मी."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. परत येताना बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. "मी लोखंड केसाएवढं कापतो," एवढंच म्हणाले, "आणि एक बी फोडता येत नाही मला."

आणि त्याच सुमारास कंपनीचं टाळं निघालं.

चाळीत बातमी आली तेव्हा मी गर सोलत होते. हे ठोकणी तिथेच टाकून धावत गेले. आले तेव्हा चेहरा उजळलेला होता. सगळ्यांना एकदम घेणार नव्हते. रोज थोड्या लोकांना बोलावणार, डॉक्टरची तपासणी होणार आणि मग आत. ह्यांची पाळी तीन-चार दिवसांत येणार होती. बोलता बोलता त्यांची नजर स्वतःच्या हातांवर गेली.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला बघवत नव्हतं. लिंबू चोळलं. रॉकेलने हात धुतले. शेवटी नदीची वाळू घेऊन घासत बसले. मी हात धरला, "अहो, रक्त येतंय, सोडा." त्यांनी मला झटकलं. "काळेपणा गेला पाहिजे. लोकांना वाटेल मला काही रोग झालाय." काळेपणा काही ठिकाणी गेला आणि खाली लाल, ओली कातडी उघडी पडली.

तपासणीच्या दिवशी ते मुठी मिटून रांगेत उभे राहिले. तसं त्यांनीच मला नंतर सांगितलं. डॉक्टरने छाती तपासली, डोळे पाहिले आणि म्हणाला, "हात उघडा."

ह्यांनी उघडले.

"हे काय आहे?"

"काजू, साहेब."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. डॉक्टरने हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, "बरे झाल्यावर या."

दुसऱ्या दिवशी मी मुलीला शेजारणीकडे ठेवून स्वतः फाटकावर गेले. पहारेकरी आत सोडेना. दुपारी डॉक्टर बाहेर पडला तेव्हा मी त्याच्या समोर जाऊन दोन्ही हात पुढे केले. "साहेब, माझेही हात बघा. हा रोग नाही. आमच्याकडे घराघरांतल्या बायकांचे हात असेच असतात. माझ्या यजमानांना आत घ्या."

तो थांबला. मला वाटलं होतं हाकलून देईल, पण तो शांतपणे म्हणाला, "बाई, रोग नाही हे मला कळतं. पण मशीनवर दिवसभर तेलात आणि रसायनाच्या पाण्यात हात असतो. फाटलेल्या कातडीचा माणूस मी तिथे उभा केला तर त्याचे हात कायमचे जातील. मी सही कशी करू?"

तो वाईट असता तर मला भांडता आलं असतं.

हात बरे व्हायला पाऊस अर्धा सरला. तोवर आमची उरलेली पोती खोलीत दमट होऊन त्यांना बुरशीचा वास यायला लागला होता. हात दाखवायला हे पुन्हा गेले तेव्हा आतून निरोप आला की सध्या जागा नाही, लागलं तर कळवू. कळवलं नाही कधीच. कॅम्पातल्या दुकानदाराने मला गोदामात काजू वेचायला, म्हणजे लहान-मोठा वेगळा करायला बसवलं, त्यावर चूल पेटत होती. हे घरात बसून असायचे. मुलगी त्यांच्या अंगावर चढायची, तरी तिच्याकडे बघायचे नाहीत.

एक दिवस मी दुपारी गोदामातून परतले तर मुलगी शेजारणीकडे आणि हे कुठेच नाहीत. शेजारीण म्हणाली, "सकाळीच सोडून गेले. म्हणाले, तिची आई येईपर्यंत सांभाळा." 'मी येईपर्यंत' असं ते म्हणाले नव्हते. मी नदीकाठी पळाले, तिथून स्टेशनकडे. फलाटाच्या अगदी टोकाला, जिथे कुणी उभं राहत नाही, तिथे ते कडेला पाय सोडून बसले होते.

मी जवळ जाऊन खाली बसले. शर्टाची बाही घट्ट धरली. गाडी आली, थांबली, गेली.

"घरी चला," मी शेवटी म्हटलं.

"जाऊन करू काय?"

जे तोंडात आलं ते बोलले, "शेठने वेचायला एक डबा जास्तीचा दिलाय. मला एकटीला होत नाही."

"माझ्या हाताने फुटतात काजू."

"वेचताना नाही फुटत."

ते रुळांकडे बघत होते. मी बाही सोडली नाही. मग ते उठले. त्या संध्याकाळी परातीसमोर बसून त्यांनी एकेक गर बोटांत फिरवून लहान-मोठा वेगळा केला. माप न लावता त्यांचे ढीग माझ्यापेक्षा सारखे होत होते. मी तसं म्हटलंही, पण त्यांनी मान वर केली नाही. तरी दुसऱ्या दिवशी स्वतःहून परात ओढून घेतली. ते वर्ष आणि पुढचंही बरंचसं आम्ही असंच काढलं. मी कामावर जाताना शेजारणीला रोज हळूच सांगून जायचे, ह्यांच्यावर जरा लक्ष ठेवा.

पुढे चाकणला कुणीतरी छोटी शेड टाकली, दोन जुने लेथ घेतले आणि टर्नर हवा म्हणून ह्यांच्या कानावर आलं. ते रुजू झाले त्याच आठवड्यात मला ताप भरला. उठून पाणी घेण्याचीही ताकद नव्हती. हे दारात चपला घालून घुटमळत होते.

"राहू का घरी?" त्यांनी विचारलं.

"नको. बस चुकेल," मी म्हटलं.

ते गेले. शेजारणीने पेज आणून दिली; आज तिला 'लक्ष ठेवा' सांगायचं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि ती गेल्यावर, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, मोठ्याने रडले.