परबांच्या दोन अँटेना

गोव्यातल्या पार्शे गावात अँटेना बांधावी ती सगुणनेच. छपरावर चढण्याआधी तो चपला काढायचा, कौलाला हात लावून कपाळाला न्यायचा आणि मग घरमालकाला मनातल्या मनात एक शिवी हासडायचा. पाच वर्षं लोकांची घरं वरून बघितल्यावर माणसांबद्दल त्याचं मत काही बरं उरलं नव्हतं. खालून घर कसं सारवलेलं, रंगवलेलं. आणि वर बघावं तर मेलेल्या घुशी, कुजकी फडकी, शेजाऱ्याच्या बाजूला मुद्दाम फेकलेल्या फुटक्या बाटल्या. "आमचे लोक वरसून बघूचे न्हय गे," तो बायकोला, सुमंगलाला सांगायचा, आणि पचकन थुंकायचा. त्याच्या स्वतःच्या घरी टीव्ही नव्हता. अर्ध्या गावाला चित्र दाखवणारा हा माणूस बातम्या बघायचा तो लोकांच्या जनेलाच्या गजांतून, पक्कड हातात धरून.

पण शिसारी यावी असं घर एकच, परबांचं. मधुकर थोरला, निवृत्ती धाकटा. चुली दोन, वसरी एक. वसरीतला टीव्ही दोघांनी मिळून घेतला. इथवर ठीक. पण अँटेना? एकाच्या अँटेनावर दुसऱ्याने टीव्ही बघायचा म्हणजे काय नाक कापून घ्यायचं! म्हणून दोघांनी दोन आणल्या. घर डोंगराच्या आडोशाला, पणजीहून येणारी लहर तिथवर पोचेपर्यंत अर्धमेली व्हायची. मधुकरची लावली तरी पडद्यावर मुंग्या, निवृत्तीची लावली तरी मुंग्याच. महिनाभर दोघे एकमेकांच्या मुंग्यांना हसत बसले.

शेवटी सगुणनेच तोड काढली. दोन्ही अँटेना एका ओळीत, पणजीकडे तोंड करून उभ्या केल्या, दोन्हींच्या तारा अगदी सारख्या लांबीच्या कापल्या आणि एका डबीत जोडून खाली एकच तार सोडली. दोघींची ताकद एक झाली आणि चित्र आलं ते काचेसारखं. "एक गोष्ट ध्यानात ठेवा," त्याने दोघा भावांना बजावलं. "ह्यो दोगी एका रेषेत व्हयो. एक फुडें, एक फाटीं झाली की लहर आदी हिका गावता, मागीर तिका. दोगांचा जमना नाय, आनी चित्र जाता."

हे काम लवकर उरकायची त्याला घाई होती, ती वेगळ्याच कारणाने. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला ते हे वर्ष. त्यानिमित्त शाळेतल्या मुलींची फुगडी टीव्हीवर दाखवणार होते, आणि त्यात सगुणची मुलगी वर्षा होती. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला. परबांनी बोलावणं केलं होतं, "बघूक हंयच यो रे." आठवडाभर सुमंगला एकच हिरवं लुगडं काढत होती आणि घडी घालून परत ठेवत होती. सगुणही दाढी करून, धुतलेला सदरा घालून निघाला.

सहाला दोघं परबांच्या वसरीत पोचली. पडद्यावर मुंग्या.

सगुणने बाहेर येऊन वर बघितलं. मधुकरची अँटेना दोन हात पुढे सरकलेली, आणि तिच्या बुडाशी ताजं सिमेंट! त्याच सकाळी गवंडी बोलावून पक्की करून घेतली होती.

"मधुकरबाब, ह्या काय केलात?"

मधुकर कदेलीत पाय पसरून बसला होता, तो उठलासुद्धा नाही. "मी थोरलो मरे! देवळात नारळ पयलो माझो, पालखेक खांदो पयलो माझो. आनी पणजे वटेन तोंड करून मी निवृत्तीच्या बरोबरीन उबो रवू? माझी फुडेंच रवतली."

"मग माझी अजून फुडें घाल," निवृत्ती आतून ओरडला.

सगुणला वाटलं, दोघांच्या वसरीत ओकून टाकावं. ॲल्युमिनियमच्या काड्यांनासुद्धा मान! पण घड्याळात सहा वीस झाले होते, आणि सुमंगला लुगड्याचा पदर सावरून पडद्यासमोर बसली होती, त्या मुंग्यांत आपली पोर दिसते का ते शोधत.

तो भिंतीला शिडी लावून वर चढला. निवृत्तीची अँटेना नुसत्या तारेने आढ्याला बांधलेली. ती त्याने सोडली, पाइप उराशी धरला आणि कौलांच्या टोकाशी, मधुकरच्या अँटेनाच्या बरोबरीला जाऊन उभा राहिला. बांधायला तिथे काही नव्हतं. शोधायला वेळ नव्हता.

"इला काय गे?"

"इला! इला! लख्ख इला!" खालून सुमंगलाचा आवाज.

फुगडीचं गाणं सुरू झालं. सगुणचे दंड भरून आले, पायाखालचं कौल करकरलं, पण तो हलला नाही. समोर त्याला दिसत होते माड, आणि कौलांच्या पन्हळीत पडलेली एक कुजकी चप्पल. गाणं संपलं. टाळ्या वाजल्या.

मधुकर अंगणात आला आणि कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणाला, "बघलंस? माझी फुडें म्हणान कसा काचेसारखा दिसला!"

सगुणने पाइप सोडून दिला. तो खडखडत कौलांवर आडवा झाला, आणि आत बातम्या बघणाऱ्या निवृत्तीने बोंब ठोकली. पण सगुणला शिसारी आली होती ती त्या दोघांची नव्हे, आपलीच. ह्यांचा मान आपण उराशी धरून उभे राहिलो होतो.

वाटेत सुमंगलाचं तोंड थांबेना. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं. "अवो, तुमी खंय होतात? मी म्हटलंय, चित्र इल्यावर खाली येवन दारात उबे आसात."

"वर होतंय," सगुण म्हणाला. "खंय होती आमची वर्षा?"

सुमंगला वाटेतच थांबली. पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "बुटकी म्हणान शाळेच्या बाईन सगळ्यांच्या फुडें उबी केलेली."