अप्पांनी पुसलेली वाक्यं

चुका काढणं हा माझा धंदाही आहे आणि स्वभावही. कॉलेजात गणित शिकवते, म्हणजे पगार चुका काढण्याचाच मिळतो. घरी आल्यावर तेच काम फुकट करते. कलबुर्गीत आमच्या गल्लीतल्या दुकानांच्या पाट्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत माझ्या तावडीतून काहीच सुटलेलं नाही. त्यामुळे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा बेंगळुरूहून फोन आला, की मॅडम, आम्ही मैत्रिणींनी मिळून गप्पांचा एक प्रोग्राम बनवलाय, अजून कच्चा आहे, तुम्ही वापरून त्यातल्या चुका सांगाल का, तेव्हा आमचे हे चहा पिता पिता म्हणाले, "बघ, आता लोक तुला आपणहून बोलवायलेत."

तिला जोड्या हव्या होत्या. एक माणूस शहरात, कॉम्प्युटरवर बसणारा. दुसरा खेड्यात, मोबाईलवर, जिथे रेंज येते-जाते. त्या प्रोग्रामचं वैशिष्ट्यच ते होतं. लिहिणारा जसजसा लिहील तसतशी अक्षरं आतल्या आत पुढे जात राहणार, म्हणजे मध्येच रेंज गेली तरी निरोप तुटणार नाही. आणि त्याने 'पाठवा' दाबलं, की मगच समोरच्याला सगळं दिसणार. मी म्हणाले, माझ्याकडे असा माणूस आहे. भालकी तालुक्यात मेहकरला माझे वडील एकटे राहतात आणि त्यांच्या घरात रेंज फक्त एका खिडकीपाशी येते.

अप्पा बसमध्ये कंडक्टर होते. उभी हयात कन्नड, मराठी आणि दखनी अशा तिन्ही भाषांत लोकांना तिकिटं दिली, पण तिकिटाच्या पलीकडे एका भाषेतही फारसं बोलले नाहीत. त्यांच्या वाटचं आई बोलायची. त्यांना भूक लागली, राग आला, काही खुपलं, की ते गप्प बसायचे आणि आई बरोबर ओळखायची. ती गेली त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी एकुलती एक. रोज फोन करायची. पलीकडून यायचं, "हां. जेवलो. बरं हाय. ठेवू?" आणि मी "ठेवा" म्हणायच्या आत ठेवलेला असायचा.

आमच्याकडे राहायला या, असं मीही म्हणत होते आणि आमचे हेही. अप्पा यायचे, पण दुपारपुरते. जेवायचे, नातीच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि दिवेलागणीच्या आधी बस स्टँड गाठायचे. "लेकीच्या घरी बाप मुक्काम करत न्हाई," एवढं एकच कारण. त्यांच्या वडलांनी तर आत्याच्या घरचं पाणीसुद्धा कधी प्यायलं नाही. अप्पा निदान जेवत होते. एका पिढीत एवढी प्रगती पुष्कळ झाली, असं मी स्वतःला समजावायची, आणि पुढच्या खेपेला पुन्हा भांडायची.

प्रोग्रामचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "टेस्टिंग म्हंजे? परीक्षा हाय का?"

"परीक्षा प्रोग्रामची हाय अप्पा. तुमची न्हाई."

"मग करू."

झालं. संध्याकाळी मी कॉलेजातून येऊन लॅपटॉपपुढे बसायची आणि अप्पा मेहकरला खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचे. एका बोटाने लिहायचे. मी माझं काम मन लावून केलं. जोडाक्षरं तुटतात. फोटो उलटे येतात. अप्पांनी तुरीच्या पिकाचा फोटो पाठवला तर तुरी आभाळातून लोंबत होत्या. मी रोज काही ना काही कळवायची आणि विद्यार्थिनी म्हणायची, "मॅडम, तुम्ही अजून आमचे पेपरच तपासायलात."

एका संध्याकाळी मात्र अशी चूक हाती लागली, की मी हरखूनच गेले. अप्पांनी काही पाठवलं नव्हतं तरी पडद्यावर फिकट रंगात अक्षरं उमटायला लागली. आज भाकरी करपल्या सगळ्या. थोडा वेळ ती तशीच राहिली. मग शेवटून एकेक अक्षर गळत गेलं आणि ओळ रिकामी झाली. नंतर ठळक अक्षरांत रीतसर निरोप आला: 'जेवण झालं. बरं हाय.'

म्हणजे आतल्या आत जायला हवं होतं ते मला बाहेर दिसत होतं, पुसलेलंसुद्धा. माझ्या मोबाईलवर उघडून बघितलं, तिथे असं काही होत नव्हतं. कॉम्प्युटरवर बसणाऱ्यालाच ते दिसत होतं. एवढी मोठी चूक आजवर सापडली नव्हती. मी लगेच फोन हातात घेतला, विद्यार्थिनीचा नंबर काढला आणि तसाच खाली ठेवला. माझा बाप करपलेल्या भाकरी खात होता आणि हे मला त्या चुकीशिवाय कोणीही सांगणार नव्हतं.

पुढच्या रविवारी मी कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन मेहकरला गेले. आमच्या भागातल्या या भाकरी पापडासारख्या वाळलेल्या असतात, दिवसचे दिवस टिकतात. अप्पांनी डबा उघडून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग मला चटकच लागली. गुडघा दुखायलाय, असं लिहून त्यांनी पुसलं आणि 'शेताकडं जाऊन आलो' असं पाठवलं. मी काहीतरी निमित्त काढून त्यांना भालकीच्या डॉक्टरकडे नेलं. आईचं एक लुगडं उंदरांनी कुरतडलं, असं लिहून पुसलं. मी पुढच्या खेपेला जाऊन ट्रंक उन्हात घातली, लुगड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवल्या. त्या दिवशी अप्पा दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "तू आईवर गेलीस गं. तिलाबी काय सांगावं लागत न्हवतं."

या एका वाक्यासाठी मी जन्मभर धडपडले असते, आणि ते मला असं लबाडीने मिळालं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण परतीच्या बसमध्ये माझं मलाच कसंतरी होत होतं.

त्यानंतरची एक मंगळवारची संध्याकाळ. फिकट अक्षरं आली: तिकडं तुमच्यातच येऊन ऱ्हावं वाटायलंय. इथं करमत न्हाई.

ओळ पडद्यावर उभी होती. मी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले, जणू माझ्या बोटांचा आवाज त्यांना जाईल. मनात म्हणत होते, पाठवा अप्पा, एकदा दाबा ते बटण. शेवटचं अक्षर गेलं. मग त्याच्या आधीचं. पूर्ण ओळ गेली आणि निरोप आला: 'आज ऊन लई होतं.' मी 'इथंबी' असं लिहिलं आणि पदराने डोळे पुसले.

मागे हे उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. स्वभावाने शांत माणूस, बँकेत दिवसभर लोकांची कटकट ऐकून घेतो, पण तेव्हा जरा कडकपणे म्हणाले, "हे बरं न्हाई. माणूस लिहितो आणि पुसतो, ते त्याचं त्याच्यापाशी असतं. अप्पांना सांगून टाक."

"सांगितलं असतं तर अजून करपलेलं खात बसले असते!"

"बरं, वाचलंस. आता पुढं काय करणारेस?"

भाकरी नेता येते, गुडघा दाखवता येतो. पण जो माणूस यायला तयार आहे आणि तरी येणार नाही, त्याला कसं आणायचं?

रविवारी हे गाडी काढतो म्हणाले, मी नको म्हटलं आणि एकटी बसने गेले. अप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी सूप माझ्याकडे ओढलं आणि फोडता फोडता म्हटलं, "अप्पा, आज चला माझ्यासंगं. कपडे भरते."

"न्हाई. लोक काय म्हंतील?"

"लोकांचं ऱ्हाऊ द्या. तुम्हाला काय वाटायलंय?"

"मला काय वाटायचंय? मला करमतंय इथं."

इतकं धडधडीत खोटं ऐकल्यावर माझा तोल गेला. "करमतंय तर मंगळवारी काय लिवलंत? लिवून पुसलंत ते?"

शेंग फोडणारे हात थांबले. "ते तुला कसं ठाव?"

मी सांगितलं. पडदा, फिकट अक्षरं, सगळं. मग त्यांनी विचारलं, "भाकरीचंबी?"

"व्हय."

"लुगड्याचंबी?"

"व्हय."

"मग कामून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ते लिवलंच नसतं."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे तुला आपसूक कळत न्हवतं तर."

एवढं बोलून चप्पल घालून शेताकडे निघून गेले. मी उरलेल्या शेंगा फोडल्या, दाणे डब्यात भरले आणि संध्याकाळच्या बसने परत आले. हुमनाबादला बस बदलेपर्यंत मी रडत होते. आई गेल्यावर त्यांना कोणीतरी आपल्याला न सांगता ओळखतंय असं वाटायला लागलं होतं, आणि ते मी माझ्या तोंडाने काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनीला फोन करून ती चूक कळवली. ती हादरलीच. "अय्यो मॅडम! हे तर फार वाईट आहे. कधीपासून दिसतंय?"

"बरेच दिवस झाले."

"तुमच्या नजरेतून सुटलं?"

"सुटलं नाही," मी म्हणाले. शहाणी मुलगी, पुढे विचारलं नाही. येत्या आठवड्यात नवा प्रोग्राम येईल, त्यात हे बंद केलेलं असेल, एवढं म्हणाली.

संध्याकाळी मी अप्पांना लिहिलं: 'अप्पा, चूक कळवली हाय. पुढच्या आठवड्यात नवा प्रोग्राम येईल. मग तुम्ही पुसलेलं मला दिसणार न्हाई.' उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन केला की "हां. बरं हाय. ठेवू?" पण आता त्या 'बरं हाय'च्या मागे काय आहे, हे मला कळायला मार्ग नव्हता. मी तरीही रोज लॅपटॉप उघडून बसायची. हे चहाचा कप बाजूला ठेवून जायचे. एवढे दिवस मी त्या पडद्याकडे चुका शोधण्यासाठी बघत होते. आता नुसतीच बघत होते, आणि मेहकरच्या खिडकीत कोणी बसलंय की नाही तेही समजत नव्हतं.

नवा प्रोग्राम यायच्या आदल्या संध्याकाळी फिकट रंगात एक अक्षर उमटलं. मग थांबलं. मग दुसरं. त्यांचं एक बोट किती अंतर ठेवून चालतं ते मला पाठ होतं. आज त्याहून सावकाश चाललं होतं. मध्ये एकदा अक्षर चुकलं, तेवढं पुसून नीट लिहिलं. वाक्य पूर्ण झालं:

तुमच्या हालमदी माझी खाट मावंल का

मी शेवटचं अक्षर गळायची वाट बघत बसले. ते गेलं नाही. निरोप म्हणूनही आला नाही. ओळ तशीच उभी राहिली. पुसलेलं मला दिसतं, न पाठवलेलंही दिसतं, हे आता त्यांना माहीत होतं. लेकीच्या घरी राहू का, असं विचारणं त्यांच्याच्याने झालं नसतं. म्हणून त्यांनी ते फक्त लिहून ठेवलं होतं आणि ते 'पाठवा' दाबत नव्हते.

आमचा हॉल म्हणजे सोफा, शोकेस, लेकीची सायकल आणि ह्यांनी हौसेने आणलेली झोपाळ्याची खुर्ची. चालायचं तर अंग चोरून चालावं लागतं. गणिताच्या बाईने निदान टेप लावून बघायला हवं होतं. मी उठलेसुद्धा नाही. 'मावते' असं लिहिलं आणि पाठवून दिलं. मग ह्यांना हाक मारली, सोफ्याला एका बाजूने हात लावायला.