मधले दोनशे मैल

आमच्या घरमालकीण अक्का धार काढण्यापूर्वी गवळ्याला चरवी उपडी करून दाखवायला लावत. त्यानं दाखवली की तीच चरवी पुन्हा स्वतःच्या हातानं उपडी करून बघत. कानडी मुलखात, मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही बिऱ्हाड केलं, तेव्हा मी लग्न होऊन पुण्याहून नुकतीच आले होते.

माझे यजमान विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. अक्कांचा त्यांच्यावर जीव होता, विश्वास नव्हता. एकदा त्यांच्याकडे जेवताना ह्यांनी सहज सांगितलं, मुंबई रेल्वेनं सव्वासातशे मैल पडते, विमानानं सव्वापाचशे, चारेक तासांत माणूस पोचतो. अक्का ताक वाढता वाढता थांबल्या.

"स्वल्प थांबा, अण्णा. मुंबई एकच ना? मग मधले दोनशे मैल कुणी खाल्ले?"

ह्यांनी ताटाच्या कडेनं बोट फिरवलं, मग मधून सरळ नेलं. रेल्वे वळणं घेत जाते, विमान असं जातं. अक्का "सरी, बरं" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या मास्तरांना तेच विचारून आल्या.

त्यांची एकुलती मुलगी वत्सला मुंबईला दिली होती. तिनं सगळं ठीक असल्याचं कळवलं की अक्कांना घोर लागे. काही विचारलं नसताना ही ठीक का म्हणते?

एक दिवस अक्कांच्या जावयांचा ह्यांच्या कारखान्यात फोन आला. वत्सलाचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि ताप उतरत नव्हता. हे भर दुपारी घरी आले, तेवढ्यानंच अक्का हातातलं काम टाकून ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. ह्यांनी आजार सांगितला आणि उद्या सकाळच्या विमानाचं बघतो म्हणाले.

"आगगाडी आहे की. विमान कशाला?" अक्कांचा आवाज एकदम उतरला. "अण्णा, खरं सांगा. ती आहे, का गेली?"

"आहे. म्हणूनच विमान."

अक्का बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन लुगडी काढू लागल्या.

सोबत मी गेले. विमानात त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. खाली बघून दोनदा विचारलं, हे पुढे जातंय का, खालचं तर काहीच हलत नाही. उतरल्यावर हे गाव मुंबईच ना, हे एका हमालाकडून वदवून घेतलं.

इस्पितळात वत्सलानं डोळे उघडले. आई इतक्यात कशी आली, हे तिला कळेना. विमानानं आले, असं अक्का म्हणाल्या, तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. आईचीच मुलगी ती.

"खरंच?"

मी मान हलवली तशी ती हसली. संध्याकाळभर अक्का उशाशी बसून तिचे केस विंचरत होत्या, हळू आवाजात दोघी काहीबाही बोलत होत्या. उजाडायच्या आत वत्सला गेली. आगगाडीनं निघालो असतो, तर तेव्हा आम्ही पुण्याच्याही अलीकडे असतो.

दिवसकार्य झाल्यावर जावई परतीच्या विमानाचं विचारू लागले. अक्का नको म्हणाल्या.

"आता लवकर पोचून काय करू?"

आम्ही आगगाडीनं आलो. मुंबईत इतकी माणसं भेटायला येत होती, पण अक्कांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मिरज सुटल्यावर त्या रडू लागल्या. हुबळीपर्यंत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.